पू आणि लस : दोन शब्दांचा इतिहास

आजचा विषय जेवणाच्या आधी काढू नये असा आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. विषय आहे 'पू'. जखमेत होतो तो, गळवात भरतो तो, कानातून येतो तो. एका अक्षराचा शब्द. यावर तासभर बोलण्यासारखं काय आहे, असं तुमच्यापैकी काहींना वाटलं असेल. आमचं म्हणणं असं, की या एका अक्षरामागे मराठी माणसाच्या आजारपणाचा मोठा इतिहास आहे. शिवाय हा शब्द नीट न वापरल्यामुळे आजही माणसं दवाखान्यात उशिरा पोचतात. तेव्हा इतिहास सांगता सांगता आपण आजच्या दिवसापर्यंत येऊ.

हे व्याख्यान नवीन पनवेलात होतंय, हेही या विषयाला धरूनच आहे. रेल्वे स्टेशनच्या एका अंगाला जुनं पनवेल, दुसऱ्या अंगाला सिडकोनं वसवलेलं नवीन पनवेल. इथल्या कुठल्याही दवाखान्याच्या बाकावर बघा, कोकणातला माणूस असतो, घाटावरचा असतो, गुजराती असतो, उत्तरेकडचा असतो. तक्रार एकच, पण शब्द वेगळे. एक म्हणतो 'पू झालाय', दुसरा 'पस झालाय', तिसरा 'मवाद' किंवा 'पीप', गुजराती बाई म्हणते 'रसी'. आणि आपल्याच माणसांत कुणी नुसतं 'घाण येतेय' म्हणतं, कुणी 'पाणी येतंय', कुणी 'सेप्टिक झालंय'. डॉक्टरला यातून अर्थ काढायचा असतो. अर्थ चुकला की उपचार चुकतो.

आधी शब्द पाहू. मराठीत 'पू' पुल्लिंगी आहे. पू झाला, पू आला, पू धरला. विभक्ती लागली की मधे 'व' येतो : पुवाचा, पुवाने. क्रियापद होतं 'पुवाळणे', विशेषण 'पुवाळलेली जखम'. संस्कृतात हा 'पूय'. त्याच्या मुळाशी कुजणं, दुर्गंधी येणं हा अर्थ आहे. 'पूति' म्हणजे घाण वास, हा शब्दही त्याच घरातला. आता गंमत पाहा. ग्रीकमध्ये पुवाला 'प्युऑन' आणि लॅटिनमध्ये 'पुस' म्हणतात. इंग्रजांनी लॅटिन शब्द उचलला आणि त्याचा उच्चार 'पस' केला. ग्रीक शब्दापासून 'पायोरिया' आला, म्हणजे पुवाचं वाहणं. दंतमंजनांच्या जाहिरातींनी तो 'पायरिया' म्हणून आपल्या घराघरात पोचवला. म्हणजे आज जो 'पस' म्हणतो आणि जो 'पू' म्हणतो, ते दोघं एकाच आजोबांची दोन नातवंडं वापरत असतात. कुजण्याच्या वासाला नाव देणारा हा शब्द हजारो वर्षं टिकला, कारण ज्या गोष्टीला तो नाव देत होता ती कुठल्याच पिढीच्या नजरेआड झाली नाही.

पण भाषेची खरी श्रीमंती एका शब्दात नसते, त्याच्या गोतावळ्यात असते. पू कुठे होतो त्याप्रमाणे आपल्याकडे नावं आहेत. साधी ती पुळी. मोठं ते गळू. केसाच्या मुळाशी होतं ते केसतूड. काखेत होते ती काखमांजरी. नखाच्या कडेला होतं ते नखुरडं. पापणीवर येते ती रांजणवाडी. करट वेगळं. जखम झालेली असते पायाला आणि गाठ येते जांघेत, त्याला अवधाण म्हणतात. हा फार शहाणा शब्द आहे. ती गाठ हा वेगळा रोग नसून खालच्या जखमेचा परिणाम आहे, हे हा शब्द वापरणाऱ्या आजीला माहीत असायचं. अवधाण आलं म्हटलं की ती आधी पायाचा तळवा बघायची.

नावांइतकीच क्रियापदं महत्त्वाची. गळू आधी 'धरतं', मग 'ठणकतं', मग 'ठसठसतं', मग 'पिकतं', मग 'तोंड धरतं', मग 'फुटतं', मग 'वाहतं', आणि शेवटी 'भरून येतं' आणि 'खपली धरतं'. बिघडलं तर 'चिघळतं', वर्षानुवर्षं वाहत राहिलं तर त्याचा 'नासूर' होतो. हे नुसते शब्द नाहीत, ही आजाराची दिनदर्शिका आहे. कितवा दिवस आहे, पुढे काय होणार, हे क्रियापदावरून कळायचं. आणि यात मुख्य क्रियापद आहे 'पिकणे'. शेतकऱ्याच्या भाषेतलं. आंबा पिकतो, शेत पिकतं, तसं गळू पिकतं. पिकण्यात एक आश्वासन असतं : थांबा, घाई करू नका, वेळ आली की फळ हातात पडेल. हेच आश्वासन पुढे घातक कसं ठरतं, ते आपण पाहणार आहोत.

ही पिकण्याची कल्पना शेतातून वैद्यकात आली की वैद्यकातून घरात आली, हा प्रश्न बाजूला ठेवू. पण शास्त्रात ती फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात सतराव्या अध्यायात सुजेच्या तीन अवस्था सांगितल्या आहेत : आम, पच्यमान आणि पक्व. कच्ची, पिकणारी आणि पिकलेली. प्रत्येकीची लक्षणं दिली आहेत. वेदना वातामुळे, पिकणं पित्तामुळे आणि पू कफामुळे, अशी कारणांची वाटणीही केली आहे. ही त्रिदोषांची भाषा आजच्या जंतुशास्त्राची भाषा नव्हे. पण निरीक्षण पक्कं आहे. कच्च्या अवस्थेत सूज कठीण असते, रंग फारसा बदललेला नसतो. मधल्या अवस्थेत टोचल्यासारखं, भाजल्यासारखं दुखतं, ताप येतो, तहान लागते. पिकल्यावर वेदना उतरते, कातडीला सुरकुती पडते आणि बोटाने दाबलं तर आतलं द्रव एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकलेलं कळतं. आजही शल्यविभागातला विद्यार्थी गळू तपासताना ही शेवटची खूण शिकतो.

याच अध्यायात सुश्रुत एक कडक गोष्ट सांगतो. जो वैद्य कच्ची सूज न समजून कापतो तो, आणि जो पिकलेल्या सुजेकडे दुर्लक्ष करतो तो, हे दोघंही सारखेच निंद्य. त्याने त्या काळातली अतिशय कठोर उपमा या दोघांना दिली आहे. इथे वाक्याचे दोन भाग आहेत, हे लक्षात घ्या. आपल्या घराघरात पहिला भाग उतरला : 'कच्चं कापू नका, पिकू द्या.' दुसरा भाग, 'पिकल्यावर एक दिवसही बसू नका', हा वाटेत कुठेतरी गळून पडला. गरम पोटीस बांधा, अळशी लावा, भाजलेला कांदा आणि हळद लावा, हे चालू राहिलं. चीर देणारा हात मात्र गावात राहिला नाही. वैद्य औषधं देणारा झाला आणि चिरणं न्हाव्याकडे गेलं.

पनवेलचं नाव वैद्यकाच्या इतिहासात येतं ते औषधांच्या बाजूनेच. १८७२ साली वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी इथे 'श्री धूतपापेश्वर'ची सुरुवात केली. घरोघरी खलबत्त्यात तयार होणारं औषध कारखान्यातून बाटलीत भरून दूरवर जाऊ लागलं. आयुर्वेदाच्या दृष्टीने ही फार मोठी घटना होती. पण तो काळ लक्षात घ्या. त्याच सुमारास दुसऱ्या टोकाला युरोपात पुवाबद्दलची समजूत मुळापासून उलटत होती.

युरोपातही पू चांगला समजला जायचा. रोमन काळातल्या गॅलेनच्या नावावर ही परंपरा सांगितली जाते. घट्ट, पांढरा, फारसा वास नसलेला पू म्हणजे 'प्रशंसनीय पू'. तो आला की वैद्य खूश. पातळ, रक्ताळ, घाणेरड्या वासाचा पू आला की माणूस जाणार. शतकानुशतकं शल्यवैद्य जखमेत पू व्हावा म्हणून वाट पाहत, कधी कधी तो व्हावा म्हणून जखमेत काहीबाही भरतही. या समजुतीत निरीक्षण खरं होतं. घट्ट पू असलेले रोगी जास्त वाचत. निष्कर्ष मात्र उलटा होता. १८६७ साली जोसेफ लिस्टर यांनी कार्बॉलिक आम्ल वापरून केलेल्या शस्त्रक्रियांची माहिती छापली आणि दाखवून दिलं, की जखम पू न होताही भरते. पू हा बरं होण्याचा टप्पा नाही. तो टाळता येतो. १८८० च्या सुमारास स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनचे अलेक्झांडर ऑगस्टन यांनी गळवातला पू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि द्राक्षाच्या घोसासारखे जंतू दाखवले. त्यांनाच पुढे 'स्टॅफिलोकॉकस' हे नाव मिळालं.

आणि १८८२ साली इल्या मेचनिकॉफ या रशियन प्राणिशास्त्रज्ञाने आणखी पुढची गोष्ट सांगितली. इटलीतल्या मेसिना इथे समुद्रातल्या तारामाशाच्या पारदर्शक पिलांच्या अंगात त्याने काटे टोचून ठेवले. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर काट्याभोवती शरीरातल्या फिरत्या पेशींनी गराडा घातलेला. माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशीही हेच करतात. त्या जंतूंना गिळतात आणि लढता लढता मरतात. आता 'पू म्हणजे काय' याचं उत्तर बदललं. पू म्हणजे कुजलेलं मांस नव्हे, बाहेर पडणारी 'वाईट उष्णता' नव्हे. त्यात मुख्यतः आपल्याच मेलेल्या पांढऱ्या पेशी असतात, सोबत मेलेले-जिवंत जंतू आणि विरघळलेला ऊतीचा भाग. पू दिसला म्हणजे लढाई झाली आहे, इतकंच कळतं. ती कोण जिंकलं हे पू सांगत नाही.

आता दुसऱ्या शब्दाकडे येऊ : 'लस'. आज हा शब्द म्हटलं की इंजेक्शन आठवतं. २०२१ च्या जानेवारीत करोनाची लस देणं सुरू झालं आणि वर्षभर 'लस घेतली का?' हा घरोघरी विचारला जाणारा प्रश्न झाला. पण जुन्या माणसांना विचारा. 'जखमेला लस सुटलीय', 'फोडातून लस येतेय' असं ते म्हणतात. ही लस म्हणजे पातळ, स्वच्छ, किंचित चिकट पाणी. गुडघा खरचटल्यावर वर जमतं ते. संस्कृतात 'लसीका'. चरकसंहितेच्या शारीरस्थानात शरीरातल्या पाण्याचं वर्णन आहे. तिथे म्हटलंय, की त्वचेच्या आत असणारं पाणी व्रणात आलं की त्याला लसीका हे नाव मिळतं. पू वेगळा, लसीका वेगळी. मराठी विश्वकोशात शरीरातल्या त्या सूक्ष्म नळ्यांच्या व्यवस्थेला 'लसीका तंत्र' म्हटलंय, ते याच शब्दावरून.

मग जखमेतलं पाणी औषध कसं झालं? ही गोष्ट देवीच्या रोगाची. एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ साली इंग्लंडमध्ये गायीच्या देवीतलं द्रव एका मुलाच्या हाताला टोचलं आणि दाखवलं, की मग त्याला देवी येत नाहीत. हे द्रव हिंदुस्थानात आणणं मोठं कठीण होतं. दोऱ्याला लावून, काचेत बंद करून पाठवलं तर वाटेतल्या उन्हात ते निकामी व्हायचं. शेवटी ते व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा अशा वाटेने मुंबईत आलं. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ते टोचलं गेलं. तिच्या हातावर फोड उठला. त्या फोडातलं द्रव आणखी मुलांना, त्यांच्या फोडांतलं पुढच्या मुलांना, अशी ही साखळी मुंबईहून देशभर पसरली. शीतपेट्या नव्हत्या. मूल हीच बाटली आणि मूल हीच शीतपेटी. त्या काळी मुंबईहून पुण्याकडे जाणारा माल, टपाल आणि माणसं बोटीने पनवेल बंदरात उतरून घाट चढत. १८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला आणि ही वाट आणखी वाहती झाली. पुढे मुंबई इलाख्यात लस टोचणारे फिरते कर्मचारी गावोगाव हिंडू लागले.

आता या कामातली खरी कसोटी ऐका. फोडातलं द्रव घ्यायचं कधी? साधारण आठव्या दिवशी. त्या वेळी फोड भरलेला असतो आणि आतलं द्रव काचेसारखं स्वच्छ असतं. दोन-तीन दिवस उशीर केला, की ते गढूळ होतं, पिवळं होतं, त्यात पू होतो. तो पू टोचला तर देवीपासून संरक्षण मिळण्याची शक्यता घटते आणि भलताच संसर्ग होण्याची वाढते. म्हणजे टोचणाऱ्याचं सगळं कौशल्य एका भेदावर उभं होतं : ही अजून लस आहे की हा पू झाला? आपल्या भाषेत या दोन अवस्थांना दोन वेगळे शब्द आधीपासून होते. म्हणून नव्या उपायाला नाव शोधायला मराठी माणसाला लांब जावं लागलं नाही. जे टोचतात तेच नाव झालं. हिंदीत 'टीका' म्हणतात, म्हणजे हातावर उमटलेल्या खुणेवरून. इंग्रजीतला 'व्हॅक्सिन' हा शब्द लॅटिनमधल्या गायीवरून. मराठीने मात्र नाव ठेवलं त्या थेंबाचं. गुजरातीनेही तसंच केलं. तिथे 'रसी' म्हणजे फोडातलं द्रव आणि 'रसी' म्हणजे लसही. फक्त गुजरातीत रसी पुवालाही म्हणतात. मराठीने ती सीमारेषा जास्त जपली.

लोकांनी ही लस आनंदाने घेतली असं समजू नका. आपल्या बाळाच्या हातात दुसऱ्याच्या बाळाच्या अंगातलं द्रव घालायचं, ते कुठल्या घरचं, कुठल्या जातीचं, याचा प्रश्न होताच. देवी ही देवी, तिचा कोप होईल, ही भीती होती. शिवाय सगळ्याच शंका अडाणीपणाच्या नव्हत्या. हातातून हातात टोचताना उपदंशासारखे रोगही जाऊ शकत, हे युरोपात सिद्ध झालेलं होतं. आणि ज्या मुलाच्या फोडातून द्रव काढायचं त्याच्या आईला ते मुळीच आवडायचं नाही. १८७७ च्या कायद्याने मुंबई शहरात मुलांना लस टोचणं सक्तीचं झालं. हळूहळू मुलांऐवजी वासरांच्या अंगावर लस तयार करायला सुरुवात झाली आणि हातातून हातात टोचणं मागे पडलं. पावणेदोनशे वर्षांच्या या कामाचा शेवट आपल्याला माहीत आहे. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ च्या मे महिन्यात सापडला आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने देवीचं निर्मूलन झाल्याचं जाहीर केलं.

पण शब्दाचा प्रवास मधेच एक वळण घेतो, तेही मुंबईत. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे रुग्ण ओळखले. सरकारने वाल्डेमार हाफकिन यांना बोलावलं. भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका लहानशा प्रयोगशाळेत त्यांनी प्लेगचे जंतू मटणाच्या रसात वाढवले, उष्णतेने मारले, आणि १० जानेवारी १८९७ रोजी ते आधी स्वतःला टोचून घेतले. हे द्रव कुठल्याही फोडातून आलेलं नव्हतं. ते काचेच्या भांड्यात तयार झालं होतं. तरी मराठी माणूस त्यालाही 'लस'च म्हणाला : प्लेगची लस. त्या दिवसांपासून 'लस' हा शब्द जखमेपासून सुटला. आज त्याचा जखमेशी काही संबंध होता, हे शाळकरी मुलाला सांगावं लागतं.

आता एक नातं ध्यानात घ्या. हाफकिन हे ओडेसात मेचनिकॉफ यांचे विद्यार्थी होते. पू म्हणजे काय, हे जगाला समजावणारा गुरू, आणि लस या शब्दाला आजचा अर्थ देणारा शिष्य. आपल्या दोन शब्दांचा आधुनिक इतिहास या गुरु-शिष्यांच्या हातून घडला.

प्लेगकडून शिकण्यासारखं आणखी एक आहे. प्लेगच्या गाठीत पू व्हायचा तो बहुधा आठवडाभर तग धरलेल्या माणसांच्या. बाकीचे त्याआधीच जात. गाठ पिकून फुटलेला माणूस वाचलेला दिसायचा, आणि पाहणाऱ्याला वाटायचं की पू झाला म्हणून हा वाचला. खरं उलटं होतं. तो वाचला, म्हणून पू व्हायला वेळ मिळाला. गॅलेनच्या परंपरेची चूक आणि आपल्या 'पिकू दे'ची चूक एकच आहे. शेवटी जे दिसतं त्यालाच आपण कारण समजतो.

मग आला पेनिसिलिनचा काळ. १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि हे औषध देशात बनू लागलं. त्या औषधाचा दरारा मोठा होता. पुढच्या पिढीने पुवाचा धाक पाहिलाच नाही. आणि धाक गेला तसे शब्दही गेले. अवधाण, नखुरडं, काखमांजरी हे आज शहरातल्या किती मुलांना कळतात? सगळ्यासाठी एकच शब्द उरला : 'इन्फेक्शन'. तो चुकीचा नाही, पण त्यात दिवस नाही, जागा नाही, अवस्था नाही.

याचे परिणाम काय होतात ते सांगतो, कारण इतिहासाचा उपयोग तिथेच आहे.

पहिला, लघवीच्या तपासणीचा कागद. त्यावर लिहिलेलं असतं 'पस सेल्स : २ ते ४'. माणूस घाबरतो, 'लघवीत पू झाला'. पण इथे 'पस सेल' म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेली पांढरी पेशी. तशा चार-पाच निरोगी माणसाच्या लघवीतही असतात. एकाच मुळाचे दोन शब्द, पण एक डोळ्यांना दिसणारा पू आणि दुसरा पेशींची मोजणी. हा फरक न कळल्यामुळे कुणी उगाच औषधं घेतं. उलट खूप पेशी, ताप, जळजळ असूनही 'मागच्या वेळीही पस होता, काही झालं नाही' म्हणून कुणी घरी बसतं.

दुसरा, 'सेप्टिक होऊ नये म्हणून' घेतलेलं धनुर्वाताचं इंजेक्शन. खिळा लागला की आपण ते घेतो, आणि घ्यावंच. पण ते धनुर्वात टाळतं. जखमेत पू होणं ते टाळत नाही. त्यासाठी जखम साबण-पाण्याने धुवावी लागते. इंजेक्शन घेतलं म्हणून जखम न धुणारे लोक आजही भरपूर आहेत.

तिसरा, कान. आपण 'कान फुटला' म्हणतो आणि मुलाचा कान वर्षानुवर्षं वाहतो. कुणी तेल घालतं, कुणी म्हणतं मोठं झालं की जाईल. वास येणारा पू कानातून सतत वाहत असेल तर आतलं हाड झिजू शकतं आणि क्वचित संसर्ग मेंदूपर्यंत पोचतो. 'फुटला' हे क्रियापद गळवाला चांगलं असतं. कानाला ते धोक्याची खूण आहे.

चौथा आणि सगळ्यात महत्त्वाचा. आपली जुनी दिनदर्शिका ठणक्यावर उभी होती. ठणकलं की माणूस जागा व्हायचा. पण ज्याच्या पायाला जाणीवच नाही, त्याचं काय? पनवेलजवळ नेऱ्याला 'शांतिवन' आहे, कुष्ठरोग निवारण समितीचं. कुष्ठरोगात मज्जातंतू बधिर होतात. पायात काटा गेला, चटका बसला, तरी कळत नाही. मग जखम चिघळते, पू होतो, बोटं झडतात. लोकांनी पुवाळलेल्या जखमांनाच रोग समजलं, 'रक्तपिती' म्हणून नाव ठेवलं आणि माणसांना गावाबाहेर काढलं. खरं म्हणजे तो पू साध्या, नेहमीच्या जंतूंचा असायचा. कुणाच्याही न धुतलेल्या जखमेत होतो तोच. एका शब्दाच्या चुकीच्या अर्थाने पिढ्यान्‌पिढ्या माणसं घराबाहेर गेली.

आणि आज तीच बधिरता मधुमेहामुळे आपल्या घराघरात आली आहे. जुना मधुमेह असलेल्या आजोबांच्या तळव्याला फोड आला तर तो ठणकत नाही. ते म्हणतात, 'दुखत नाही, म्हणजे काही नाही.' किंवा, 'थोडं पाणी येतंय, पिकून जाईल.' जुन्या भाषेचं आश्वासन त्यांच्या कामी येत नाही, कारण तिची पहिली खूण, ठणका, त्यांच्या शरीरातून नाहीशी झालीय. मग आठवड्याने पाय काळा पडलेला असतो आणि बोट किंवा पाऊल कापावं लागतं. अशा घरात 'पिकू दे' हा शब्द उच्चारू नये, असं आम्ही अगदी स्पष्ट सांगतो.

मग करायचं काय? जुने शब्द टाकायचे का? उलट. ते पुन्हा नीट वापरायचे. डॉक्टरकडे गेल्यावर 'इन्फेक्शन झालंय' एवढंच न म्हणता सांगावं : कुठे आहे, कितवा दिवस आहे, ठणकतंय की नाही, येतंय ती पातळ लस आहे की घट्ट पू, रंग कोणता, वास येतो का, जांघेत किंवा काखेत अवधाण आलंय का, ताप आहे का. एवढं सांगितलं तर निम्मी तपासणी तिथेच होते. आणि पू साचलेला असेल तर नुसत्या गोळ्यांवर विसंबू नये. साचलेल्या पुवात औषध नीट शिरत नाही, त्याला वाट करून द्यावी लागते. सुश्रुताच्या वाक्याचा गळून पडलेला दुसरा भाग आजच्या शल्यचिकित्सेतही तसाच्या तसा खरा आहे.

आपल्या भाषेने पू आणि लस या दोन थेंबांत फरक केला. त्या फरकावर देवीची लस हातातून हातात टिकली, आणि त्या फरकाने आजही एखाद्याचा पाय वाचू शकतो. तेव्हा घरी गेल्यावर एक काम करा. आई, आजी, सासूबाई, जे कुणी मोठं माणूस असेल त्यांना विचारा, तुमच्या गावाकडे गळवाला, फोडाला, वाहत्या जखमेला काय काय म्हणायचे. ते शब्द लिहून ठेवा. आणि घरात मधुमेह असलेलं कुणी असेल तर आज रात्रीच त्यांच्या पायाचे तळवे दिव्याखाली धरून बघा.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.